पीटर आणि ससा

लहान मूल भ्यालें म्हणजे घरांतील वडील माणसें बहुधा तीनपैकीं एक मार्ग धरतात. कोणी त्याला हंसतात, कोणी दटावून पुढें ढकलतात, आणि कोणी ज्या वस्तूचें भय वाटतें ती वस्तुच त्याच्या दृष्टीआड करून टाकतात. कुत्र्याला भिणाऱ्या मुलासाठीं आई रस्ता बदलते. अंधाराला भिणाऱ्यासाठीं रात्रभर दिवा जळत राहतो. शाळेच्या नांवानें ज्याच्या पोटांत कळा येऊं लागतात त्याला आजचा दिवस घरीं ठेवावें असें ठरतें, आणि तो आजचा दिवस महिनाभर लांबतो. या मार्गांमागें मुलाविषयीं माया नसते असें मुळींच नाहीं. परंतु त्या मायेचा मुलाला उपयोग किती होतो, हें प्रत्यक्ष तपासून पाहण्याची बुद्धि मनुष्याला फार उशिरां झाली. ती कशी झाली याची हकीकत एक ससा आणि तीन वर्षांचेंहि न झालेलें एक मूल यांच्याभोंवतीं गुंफलेली आहे.

तसें पाहिलें तर योग्य सल्ला देणारे शहाणे पुरुष पूर्वींहि होऊन गेले. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानें १६९३ सालीं मुलांच्या शिक्षणावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत बेडकाला भिणाऱ्या मुलाचा दाखला आहे. लॉक सांगतो कीं, बेडूक दुसऱ्या कोणीं तरी पकडावा आणि मुलापासून बराच दूर ठेवावा. नुसतें पाहण्याची संवय झाली म्हणजे मुलाला थोडें जवळ आणावें, बेडकाची उडी पाहूं द्यावी, आणि मग दुसऱ्यानें तो हातांत घट्ट धरला असतां हलकेंच बोट लावूं द्यावें. शेवटीं फुलपांखराला हाताळावें तितक्या सहजतेनें मूल त्याला हाताळील. सल्ला अगदीं नेमका होता. पण ग्रंथांत छापलेला सल्ला आणि कसोटीस उतरलेली गोष्ट यांत अंतर असतें. या प्रकरणीं तें अंतर सुमारें दोनशें तीस वर्षांचें ठरलें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मुलाच्या भयाकडे पंडितांचें लक्ष प्रथम वेधलें तें व्हिएन्ना येथें. १९०९ सालीं डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांनीं पांच वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या मुलाला घोड्यांचें भय होतें. घोडागाड्यांनीं गजबजलेल्या शहरांत घोड्याचें भय म्हणजे उंबरठ्याबाहेर पाऊल टाकणेंच बंद. फ्रॉइडनीं त्यावर उपचार केले ते मुलाच्या वडिलांमार्फत. स्वतः त्यांनीं उपचारांच्या काळांत मुलाला एकदांच पाहिलें. घोडा हें बापाचेंच प्रतीक होय, असा त्यांनीं काढलेला निष्कर्ष आज फारसा कोणी स्वीकारीत नाहीं. पण मुलगा बरा झाला. हर्बर्ट ग्राफ हें त्याचें नांव. मोठेपणीं तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरांतील नामांकित दिग्दर्शक झाला. निष्कर्ष बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच : एक बाप दिवसेंदिवस मुलाजवळ बसून त्याचें भय न हंसतां ऐकून घेत होता आणि लिहून ठेवीत होता. त्या काळीं ही लहानसहान गोष्ट नव्हती.

अकरा वर्षांनीं अमेरिकेंत याच्या अगदीं उलट टोंकाचा प्रकार घडला. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत जॉन वॉटसन हे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. मनाच्या गूढ गोष्टी बोलूं नयेत, दिसणारें वर्तन तेवढें मोजावें, असा त्यांचा पंथ. भय जन्मतः नसतें, तें जडविलें जातें, हें सिद्ध करण्यासाठीं त्यांनीं आणि रोझली रेनर या त्यांच्या सहकारी बाईंनीं रुग्णालयांत वाढत असलेलें अकरा महिन्यांचें एक बाळ निवडलें. बाळाला पांढऱ्या उंदराची मुळींच भीति नव्हती. त्यानें उंदराकडे हात नेला कीं पाठीमागें टांगलेल्या पोलादी कांबेवर हातोडा हाणावयाचा, असा क्रम सात वेळां झाला. त्यानंतर नुसता उंदीर दिसतांच बाळ रडत रांगत दूर जाऊं लागलें. आणि हें भय उंदरापुरतें न राहतां ससा, कुत्रा, केसाळ कोट यांवरहि पसरलें. १९२० सालीं हा प्रयोग प्रसिद्ध झाला. जडविलेलें भय काढून टाकण्यापूर्वींच बाळ रुग्णालयांतून गेलें, एवढें सांगून लेखकांनीं तें प्रकरण मिटविलें. असा प्रयोग आज कोणतीहि संस्था होऊं देणार नाहीं, आणि तें योग्यच आहे.

ही अर्धवट सोडलेली गांठ हातीं घेतली ती मेरी कव्हर जोन्स या तरुण बाईंनीं. व्हासार कॉलेजांत शिकत असतां त्यांची आणि रोझली रेनर यांची मैत्री जमलेली. १९१९ सालीं न्यूयॉर्कमध्यें वॉटसनचें व्याख्यान ऐकल्यावर त्यांच्या मनांत एक साधा प्रश्न उभा राहिला. भय जर शिकवितां येतें, तर तें उतरवितां कां येऊं नये? कोलंबिया विद्यापीठांत शिकत असतां त्यांनीं हा प्रश्न न्यूयॉर्कमधील एका बालगृहांत नेला. अडचणींत सांपडलेल्या कुटुंबांतील मुलांची तात्पुरती सोय तेथें होत असे. तीन महिन्यांच्या तान्ह्यांपासून सात वर्षांच्या मुलांपर्यंत सत्तर मुलें त्यांनीं पाहिलीं, आणि घरोघर जे उपाय चालतात तेच एकामागून एक तपासून पाहिले.

या तपासणींत घरगुती शहाणपणाची जी गति झाली ती ऐकण्यासारखी आहे. काळ हेंच औषध, असें आपल्याकडेहि म्हणतात; म्हणून कांहीं मुलांना भयाच्या वस्तूपासून आठवडेच्या आठवडे दूर ठेवण्यांत आलें. ती वस्तु पुन्हां समोर येतांच भय जसेंच्या तसें. समजूत घालण्याचा उपाय झाला. सशाला भिणाऱ्या एका लहान मुलीशीं रोज सशाबद्दल गोड गोड बोलणें चाले, चित्रें दाखवीत, गोष्टी सांगत. मुलगी एवढी तयार झाली कीं, ससा आणून दाखवा म्हणूं लागली; आपण सशाला कुरवाळलें आणि तो रडला नाहीं, अशी थापहि तिनें ठोकून दिली. मग खरोखरीचा ससा आणला, आणि पहिल्या दिवसाइतकीच ती घाबरली! भित्र्या मुलाला इतर मुलांनीं चिडविण्याचा प्रकारहि पाहण्यांत आला. त्यानें भय गेलें नाहींच, उलट त्याची आठवण पुनःपुन्हां जागी होऊन तें अधिक घट्ट बसलें. लक्ष दुसरीकडे वेधल्यानें तेवढी वेळ निभावून जाई, पण त्याहून अधिक कांहीं नाहीं. सात उपायांपैकीं खात्रीचे ठरले ते दोनच. न भिणाऱ्या मुलांच्या संगतीनें शिकणें हा एक. आणि भयाची वस्तु मुलाच्या एखाद्या सुखाशीं बेताबेतानें जोडणें हा दुसरा. हे दोन्ही ज्याच्यावर पारखले गेले त्या मुलाला जोन्सबाईंनीं आपल्या निबंधांत पीटर असें नांव दिलें आहे.

पीटर त्या वेळीं दोन वर्षें दहा महिन्यांचा होता. एरवीं निरोगी, चपळ मुलगा. पण पांढरा उंदीर, ससा, केसाळ कोट, पीस, कापूस यांपैकीं कांहींहि दिसलें कीं तो किंचाळून अंग टाकी. सर्वांत मोठें भय सशाचें, म्हणून सशापासूनच आरंभ झाला. रोज थोडा वेळ पीटरला सशाला न भिणाऱ्या तीन मुलांबरोबर खेळावयास सोडीत, आणि त्या खेळांत केव्हां तरी ससा आणीत. कोणी पीटरला पुढें हो म्हणत नसे. तो आज कोठवर पोंचला एवढीच नोंद होई, आणि त्या नोंदींतून सतरा पायऱ्यांची एक यादी तयार झाली. आरंभीं पिंजऱ्यांतला ससा खोलींत कोठेंहि असला तरी त्याला तो खपत नसे. मग बारा फुटांवर चालूं लागला. मग चार फूट, मग तीन, मग अगदीं जवळ, पण पिंजऱ्यांत. पुढें ससा मोकळा सोडला तरी चाललें. जोन्सबाईंनीं धरला असतां त्याला हात लावणें झालें. मधली एक पायरी तर मोठी मजेची आहे : पीटर सशावर थुंकला, त्याच्यावर वस्तु फेंकल्या, त्याच्या नकला केल्या. एखाद्या कडक गुरुजींनीं येथें कान धरला असता. बाईंनीं मात्र तीहि प्रगतीचीच पायरी मोजली, आणि त्यांचें बरोबरच होतें. ज्याला डिवचावेंसें वाटतें त्याचें भय निम्में संपलेलें असतें.

याप्रमाणें चांगली प्रगति झाली असतां पीटरला स्कार्लेट ज्वर आला आणि सुमारें दोन महिने तो रुग्णालयांत राहिला. परत येतांना, परिचारिकेसह तो टॅक्सींत बसत असतां एक मोठा कुत्रा भुंकत अंगावर आला. मूल भ्यालें, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे, ज्या परिचारिकेचा हात त्यानें धरला होता तीहि भेदरून गेली. बालगृहांत पोंचल्यावर पाहावें तों साऱ्या पायऱ्या पुसल्या गेलेल्या. पीटर पुन्हां जेथल्या तेथें आला होता.

दुसरा एखादा येथें हात टेकता. जोन्सबाईंनीं उपाय बदलला. पीटरला उंच खुर्चीवर बसवून आवडता खाऊ द्यावयाचा आणि ससा पिंजऱ्यांत घालून दूर ठेवावयाचा. किती दूर, तर मुलाचा घांस थांबणार नाहीं इतका. रोज तो थोडा थोडा जवळ आणावयाचा. बाईंनीं येथें एक इशारा देऊन ठेविला आहे तो विसरतां कामा नये. या कामांत उतावळेपणा केला तर खाऊमुळें सशाची भीति जाण्याऐवजीं सशामुळें खाऊचीच भीति बसावयाची. मधें एकदां पिंजऱ्याकडे नेतांना सशानें पीटरला किंचित् ओरखडलें आणि तो पुन्हां कांहीं पायऱ्या खालीं घसरला. पुन्हां तेथून चढला. ज्याच्यावर त्याचा फार जीव होता असा एक तरुण सहाय्यक जवळ असला म्हणजे त्याची प्रगति भराभर होई, असेंहि नोंदींत दिसतें. शेवटीं पीटर सशाला कुरवाळूं लागला आणि त्याला आपलीं बोटें कुरतडूं देऊं लागला. कापूस, पीस, केसाळ कोट यांचें भय तर त्यांच्यासाठीं वेगळा उपाय न करतांच नाहींसें झालें. १९२४ सालीं हा निबंध प्रसिद्ध झाला.

या निबंधाच्या शेवटीं पीटरच्या घरासंबंधीं जो मजकूर आहे, तो मराठी घरांना परका वाटणार नाहीं. त्याची एक बहीण वारलेली होती. आई अत्यंत हळवी. चार वाक्यें बोलतांना तिचे डोळे भरून येत. मुलाला बाहेरून घरांत बोलवावयाचें तर, ये लवकर, नाहीं तर कोणी तरी तुला पळवून नेईल, अशी भीति ती घाली. न्यूयॉर्कच्या बकाल वस्तींतील हा चोर आणि आपल्या माजघरांतला बागुलबुवा, दोघे सख्खे भाऊच म्हणावयाचे. महिनोन् महिने खपून ज्या मुलाचें भय उतरविलें, तें पुन्हां त्याच घरीं परत जाणार होतें, ही गोष्ट जोन्सबाईंना सलत होती. भय हा केवळ मुलाचा आजार नसून घरांतील देवघेवीचा तो एक भाग असतो, याची चाहूल त्यांना तेव्हांच लागलेली दिसते. त्याच दशकांत भावनगरच्या दक्षिणामूर्ति बालमंदिरांत गिजुभाई बधेका, आणि त्यांच्यासह ताराबाई मोडक, मुलांच्या शिक्षणांतून धाक आणि मार हद्दपार करूं पाहत होते, ही गोष्ट येथें सहज आठवते.

यावर कोणी विचारील, मग श्यामच्या आईचें काय? साने गुरुजींच्या १९३५ सालच्या त्या पुस्तकांतील प्रसंग प्रत्येक मराठी वाचकास ठाऊक आहे. पोहावयास भिऊन दडून बसलेल्या श्यामला आईनें मारीत विहिरीवर धाडलें, आणि श्याम पोहावयास शिकला. परंतु श्यामचें भय हें चारचौघां मुलांचें भय होतें, आणि मारणारी आई हा त्याचा जगांतील सर्वांत मोठा आधार होता. ज्या मुलाची झोंप उडते, अन्न जात नाहीं, श्वास कोंडतो, त्याला याच न्यायानें विहिरींत ढकलणें म्हणजे टॅक्सीजवळचा तो कुत्रा मुद्दाम त्याच्या अंगावर सोडण्यासारखें होय. दोहोंतला फरक न ओळखल्यामुळें पुष्कळ घरांत पुष्कळ मुलांचे हाल झाले आहेत.

पीटरच्या कथेचें महत्त्व तेव्हां फारसें कोणाला कळलें नाहीं. खुद्द वॉटसन यांनीं जोन्सबाईंना मार्गदर्शन केलें होतें. पण १९२८ सालीं मातांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत त्यांनीं मुलांस कुरवाळूं नये, मुके घेऊं नयेत, सकाळीं हस्तांदोलन करावें, असा उपदेश केला. आवडत्या सहाय्यकाच्या सोबतीनें पीटर कसा धीट होई, हें ठाऊक असलेल्या गृहस्थानें असें लिहावें, हें मोठें नवल.

त्या उपदेशाला उत्तर मिळालें तें युद्धांत. १९३९ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत ब्रिटनमधील शहरांतून सुमारें पंधरा लाख माणसें, बहुतेक मुलें आणि माता, खेड्यांकडे हलविण्यांत आलीं. लंडनमधील हॅम्पस्टेड भागांत फ्रॉइड यांची कन्या ॲना आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनीं युद्धकालीन बालगृहें चालविलीं. त्यांचे अनुभव १९४३ सालीं पुस्तकरूपानें आले. बाँबहल्ल्यापेक्षां आईची ताटातूट लहान मुलांना अधिक लागते, हें त्यांना दिसलें. आणखीहि एक गोष्ट दिसली. एक आई धोक्याचा भोंगा वाजला कीं अंथरुणावर पडत नसे. थरथरत दाराशीं उभी राही, आणि पांच वर्षांच्या मुलालाहि कपडे चढवून, हात धरून आपल्याशेजारीं उभें करी. मुलगा अतिशय चिडका व भेदरट झाला, अंथरूण ओलें करूं लागला. तोच मुलगा बालगृहांत आल्यावर, बाँब पडत असतांहि, इतर मुलांहून अधिक घाबरतांना दिसेना. याच सुमारास, १९४१ सालीं, शाळेच्या भयासंबंधीं एक निबंध अमेरिकेंत प्रसिद्ध झाला, आणि त्यांतहि मुलाबरोबर आईवर उपचार करण्याची गरज सांगितली होती.

पुढें जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकेंतील डॉक्टरांनीं जोहान्सबर्ग येथें मांजरांवर प्रयोग केले. पिंजऱ्यांत विजेचा धक्का बसल्यामुळें अन्न सोडलेल्या मांजरांना त्यांनीं प्रथम दूरच्या, वेगळ्या दिसणाऱ्या खोलींत खावयास घातलें आणि मग क्रमाक्रमानें पिंजऱ्याजवळ आणलें. हा पीटरचाच जिना. १९५८ सालच्या त्यांच्या ग्रंथानें ही रीति जगभर गेली, आणि जोन्सबाईंना वर्तनोपचाराची माता म्हणूं लागले. १९६७ मध्यें अल्बर्ट बंडुरा यांनीं कुत्र्याला भिणाऱ्या तीन ते पांच वर्षांच्या मुलांना, न भिणारें एक मूल कुत्र्याशीं हळूहळू जवळीक करतांना दाखविलें; पाहतां पाहतां भित्र्यांपैकीं पुष्कळजण कुत्र्याजवळ गेले. १९७४ सालीं वृद्ध जोन्सबाई मागें वळून बोलल्या तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं, आज पीटरचें भय त्या मुलापासून वेगळें काढून त्यावर इलाज करण्यांत आपलें समाधान होणार नाहीं. आतां त्या सबंध मुलाकडे पाहतील.

त्यानंतरचा इतिहास हा बव्हंशीं मोजमापाचा आहे. १९९४ सालीं फिलाडेल्फियांत फिलिप केंडॉल यांनीं नऊ ते तेरा वर्षांच्या ४७ मुलांवर बोलण्याचे आणि पायरीपायरीनें सामोरें जाण्याचे उपचार कसोटीस लावले, आणि ते उतरले. २००८ सालीं ४८८ अमेरिकन मुलांवरील मोठ्या चाचणीचा निकाल आला. बारा आठवड्यांनंतर, उपचार व औषध दोन्ही मिळालेल्या शंभर मुलांपैकीं ८१ सुधारलीं, नुसत्या उपचारानें ६०, नुसत्या औषधानें ५५, आणि खोट्या गोळीनें २४. म्हणजे कठीण प्रसंगीं डॉक्टरांच्या देखरेखीखालीं औषध घेण्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.

परंतु पीटरच्या आईची आठवण करून देणारा प्रयोग २०२० सालचा आहे. येल विद्यापीठांत एली लेबोविट्झ यांनीं सात ते चौदा वर्षांच्या १२४ चिंताग्रस्त मुलांचे दोन गट केले. एका गटांत नेहमींप्रमाणें मुलांवर उपचार झाले. दुसऱ्या गटांतील मुलांना उपचारकानें बोलावलेंच नाहीं; फक्त आईबापांना शिकविलें. काय शिकविलें? मुलाच्या भयासाठीं घरानें ज्या ज्या सवलती उभ्या केल्या असतील, त्यांतील एक एक आधीं सांगून, न रागावतां, कमी करावी. रोज रात्रीं मुलाशेजारीं झोंपणारी आई आतां दहा मिनिटांनीं उठून जाईल. शंभर वेळां विचारलेल्या प्रश्नाला बाप एकदांच उत्तर देईल. तुला भय वाटतें हें खरें आहे, आणि तें तुला सोसवेल हेंहि खरें आहे, हीं दोन्ही वाक्यें एका श्वासांत बोलावयाचीं. पहिलें गाळलें तर तें दटावणें होतें, दुसरें गाळलें तर मूल आणखी खचतें. आरंभीं कांहीं दिवस रडारड होई. अखेरीस दोन्ही गटांतील मुलें सारख्याच प्रमाणांत सुधारलीं.

हिंदुस्थानांत अशा उपचारकांची वाण अद्यापि मोठी आहे. भारत सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें टेलि-मानस ही दूरध्वनिसेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक, ती मोफत आहे आणि मराठींतूनहि बोलतां येतें. मुलाची शाळा आठवडेच्या आठवडे सुटली असेल, खाणेंपिणें वा झोंप तुटली असेल, किंवा जगणें नको असें तें बोलूं लागलें असेल, तर घरच्या घरीं पायऱ्या बांधीत न बसतां त्याला त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें लागतें.